सुटी कोणाची?

दिनांक 6 डिसेंबर 2024 रोजी, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, शासनाने मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांतील शासकीय व निमशासकीय कार्यालयांना स्थानिक सुटी दिली. निर्णय स्वागतार्हच होता. पण ही सुटी मिळाली कोणाला? कांदिवलीत इमारतीच्या कामावर जाणारा बिगारी, घरोघर धुणीभांडी करणारी आमची भगिनी, यांना असल्या आदेशाचा स्पर्शही होत नाही. चैत्यभूमीस जाण्यासाठी ही माणसे दादरची गाडी धरतात ती त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून. कारकुनाला सुटी आणि मजुराला खाडा, असा हा न्याय!

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि 1945 साली बारमाही कारखान्यांतील कामगारास भरपगारी रजेचा हक्क मिळाला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे तेव्हा कायद्याने मान्य केले. त्यांच्याच स्मृतिदिनी त्यांच्याच माणसाचा रोज बुडावा काय? निदान शासनाच्या व महापालिकेच्या कंत्राटांत तरी 6 डिसेंबरची भरपगारी सुटी लिहून घ्यावी, ही मागणी आता कांदिवलीच्या वस्त्यावस्त्यांतून झाली पाहिजे.