क्लच आपणच बदलावा काय?

वाहनकर्जाचा शेवटचा हप्ता फिटावा आणि त्याच सुमारास गाडीच्या क्लचने मान टाकावी, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. यात दैवाचा काही खेळ नाही. कर्जाची मुदत पाच ते सात वर्षांची असते आणि शहरी रहदारीत रोज धावणाऱ्या गाडीच्या क्लचप्लेटचे आयुष्यही बहुधा तेवढेच असते. घाट चढताना इंजिन गर्जू लागते, पण गाडीचा वेग मात्र वाढत नाही. काहीतरी करपल्यासारखा वास येतो आणि पेडल पार वर आल्याखेरीज गाडी हलत नाही. मग आपण गॅरेजमध्ये जातो. तेथे हाती पडणाऱ्या अंदाजपत्रकात दोन ठळक रकमा असतात, एक सुट्या भागांची आणि दुसरी मजुरीची. पहिलीबद्दल आपण फारसे बोलत नाही. दुसरीकडे पाहून मात्र मनात येते, की हे काम आपल्यालाच करता येणार नाही काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काटकसर आणि स्वावलंबन हे दोन्ही गुण त्याच्या मुळाशी आहेत. शिवाय आपल्याकडे अशी एक पिढी होऊन गेली, जिने रविवारी सकाळी जुने कपडे चढवून गाडीखाली शिरण्यात कमीपणा मानला नाही. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे इंजिन पुढे लांबीच्या दिशेने बसवलेले असे आणि शक्ती मागच्या चाकांना जात असे. साहजिकच गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे, चालकाच्या पायाजवळच्या तळाखाली असे. प्रॉपेलर शाफ्ट सोडवला, आधाराची पट्टी काढली आणि दोघातिघांनी मिळून गिअरबॉक्स मागे ओढला, की क्लच समोर दिसे. अंगणात खड्डा खणलेला असेल, तर हे काम सोपे नव्हे, पण आवाक्यातले होते. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाडा येथे थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्या गाड्यांबरोबर ती अंगणेही गेली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिने पुढच्या चाकांना शक्ती देण्याची पद्धत घरोघर पोहोचवली. अशा गाडीत इंजिन आडवे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स त्याच्या कुशीला चिकटलेला असतो. क्लचपर्यंत पोहोचायचे, तर बॅटरी सोडवावी लागते, गिअरचे तेल काढावे लागते, चाकाजवळचे सांधे उघडून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढावे लागतात, इंजिनाला वेगळा आधार द्यावा लागतो आणि मग अरुंद जागेतून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी चालवायला सोपी झाली आणि उघडायला अवघड, असे म्हणावयास हरकत नाही.

गंमत अशी की, ज्या वस्तूसाठी हा खटाटोप करावयाचा ती क्लचप्लेट बशीहून मोठी आणि ताटाहून लहान अशी एक चकती असते. एका बाजूला इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट आणि या दोहोंच्या चिमटीत ही घर्षणाचे अस्तर लावलेली चकती, एवढीच ती रचना. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून चिमटा सैल करते. अस्तर झिजले, की चिमट्याची पकड सुटते आणि इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी उष्णतेत जाते. प्रत्यक्ष चकती बदलण्यास अर्धा तास पुरतो. आपण जी मजुरी देतो, ती तेथवर जाण्याची आणि सुखरूप परत येण्याची असते.

मात्र जाण्यापूर्वी जाण्याची गरज आहे काय, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते सामान्य वाहनधारकाने स्वतः करावयाचे खरे काम येथे आहे. ज्या गाड्यांत क्लच केबलने चालतो, त्यांत पेडलला वरच्या बाजूस थोडी मोकळी चाल असावी लागते. ती नाहीशी झाली असेल, तर चांगली प्लेटही घसरू लागते आणि एक नट फिरवून केबल सैल केली, की दुखणे बरे होते. उलट चाल फार वाढली असेल, तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खरखरत पडतात, तेथेही प्लेट निर्दोष असू शकते. द्रवदाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल मऊ पडले असेल, तर आधी टाकीतील तेलाची पातळी आणि गळती पाहावी. पेडल दाबल्यावरच घरघर ऐकू येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. प्लेट खरोखरच घसरते आहे काय, हे पाहण्याची जुनी रीत अशी: मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढावा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घालावी आणि क्लच हलके सोडावा. इंजिन बंद पडले, तर पकड शाबूत आहे. ते तसेच चालू राहिले, तर प्लेटचे दिवस भरले. ही परीक्षा एकदाच घ्यावी, पुनःपुन्हा घेतल्यास उरलेसुरले अस्तरही करपेल. एवढी पाहणी करण्यास एक पाना आणि पाऊण तास पुरतो, अंगास ग्रीस लागत नाही आणि गॅरेजमधील संभाषणाचा सूर मात्र पार बदलतो.

आता पैशाचा हिशेब. घरच्या घरी मोटारदुरुस्ती करण्याचे जे साहित्य आपण वाचतो, ते बहुतांशी अमेरिका वा युरोपातून आलेले असते. तेथे कारागिराच्या एका तासाचे मोल मोठे असते, बहुतेक घरांना स्वतःचे गॅरेज असते आणि त्या गॅरेजात पान्यांचा संच पिढीजात असतो. तेथील हिशेब येथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे क्लचच्या एकूण खर्चात बहुतेक वेळा सुट्या भागांचा वाटा मोठा असतो आणि तो कोणी काम केले तरी वाचत नाही. वाचते ती मजुरी. पण तिच्या बदल्यात चांगला ट्रॉली जॅक, गाडी पेलणारे दोन स्टँड, सॉकेटचा संच आणि टॉर्क रेंच घ्यावयाचे, तर पहिल्या कामातील बचत त्यांतच जिरते. दहा वर्षांत एकदा लागणाऱ्या हत्यारांवरील घसारा कोणत्या खात्यास नावे टाकावा, हे आमच्या हिशेबनिसांनीच सांगावे! विमाही येथे कामास येत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड हे मोटार विम्याच्या सर्वसाधारण संरक्षणाबाहेर असतात. वाहनाच्या हमीतही क्लचचे अस्तर झिजणारी वस्तू म्हणूनच गणले जाते.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे आणि तिच्याविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. मारुती ८०० सारखी हलकी गाडीही सुमारे साडेसहाशे किलो भरते. जॅक हे गाडी वर नेण्याचे साधन आहे, ती वर धरून ठेवण्याचे नव्हे. गाडीबरोबर मिळणारा जॅक तर केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे आणि वर विटांची चळत रचून समाधान मानणे हे प्रकार आजही पाहावयास मिळतात. वीट दाबाखाली तडकते आणि तडकण्याआधी ती सूचना देत नाही. त्यात गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळाची जमीन पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरती केलेली असते, उजेड बेताचा असतो आणि शेजारच्यांची मुले चेंडूमागे धावत असतात. गिअरबॉक्सही एका माणसाने पाठीवर पडून छातीवर तोलावा, इतका हलका नसतो. जुन्या गाड्यांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यामुळे घंटेच्या आकाराच्या त्या आवरणात साठलेली काळी भुकटी फुंकून अगर हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजातील मुलांनाही हे कोणीतरी सांगावयास हवे, कारण ती भुकटी रोज त्यांच्याच नाकात जाते.

तरीही या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडेल, असे मला वाटत नाही. कर्ज काढून टॅक्सी घेतलेल्या चालक-मालकाचा विचार करा. त्याचे हात या कामाला सरावलेले असतात आणि गाडीची त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. मजुरी वाचवण्याचा मोह त्यालाच सर्वांत जास्त होतो. पण त्याचा हिशेब रुपयांत करावयाचा नसून दिवसांत करावयाचा आहे. सराईत मेस्त्री आणि त्याचा मदतनीस लहान गाडीचे हे काम एका दिवसात हातावेगळे करतात. एकट्याने केल्यास दोन दिवस सहज जातात. एखादा गंजलेला बोल्ट तुटला किंवा दुकानदाराने जवळच्या मॉडेलची प्लेट दिली, तर तिसरा जातो. त्या प्रत्येक दिवशी गाडी उभी असते आणि हप्त्याची तारीख मात्र उभी राहत नाही. अशा ग्राहकाने मजुरी द्यावी, मात्र तिची तरतूद आधीच करावी, असे मी म्हणेन. गाडी घेतल्या महिन्यापासून एक लहानशी आवर्ती ठेव केवळ टायर, बॅटरी आणि क्लच यांच्या नावाने चालू ठेवली, तर ऐन वेळी क्रेडिट कार्डावर व्याज भरत बसण्याची पाळी येत नाही.

याच्या उलट टोकाला दुर्गम भागातील शाखांत बदली होऊन गेलेले आमचे सहकारी आहेत. जेथून बरे गॅरेज दिवसभराच्या अंतरावर आहे, तेथे घसरणारा क्लच घेऊन घाट उतरून जाणे हेच अधिक जोखमीचे. अशा ठिकाणी राहणाऱ्याने हे काम शिकून घेतले, तर मी त्याला शहाणाच म्हणेन. ज्यांच्याकडे जुनी साधी गाडी आहे, पक्क्या जमिनीची बंदिस्त जागा आहे, सोबतीला एक जाणता माणूस आहे आणि सोमवारी कामावर जाण्यास दुसरे वाहन आहे, त्यांनीही खुशाल करावे. त्यांना मिळणारा आनंद हाच त्यांचा नफा. फक्त चकतीची फ्लायव्हीलकडील बाजू कोणती, हे दोनदा पाहावे, ती इनपुट शाफ्टच्या मापाच्या दांड्याने मधोमध आणूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत आणि शेवटी गिअरचे तेल पुन्हा भरण्यास विसरू नये.

मात्र एका वर्गाने या वाटेस जाऊच नये. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे अशा गाड्या रुळल्या, ज्यांत क्लच असतो पण त्याचे पेडल नसते. यंत्रच तो दाबते आणि सोडते. नवी प्लेट बसवल्यावर तिची पकड कोठे लागते, हे त्या यंत्राला संगणक जोडून शिकवावे लागते. कित्येक डिझेल गाड्यांत दुहेरी वस्तुमानाचे महागडे फ्लायव्हील असते, ते तपासण्यास अनुभवी नजर लागते. येथे हौस महागात पडते.

उरलेल्या आपणा सर्वांसाठी मला मधला मार्ग बरा वाटतो. हात मेस्त्रींचे असावेत आणि डोळे आपले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच एकदमच बदलावा. शंभरदोनशे रुपयांकडे पाहून जुने बेअरिंग ठेवले आणि ते चार महिन्यांनी ओरडू लागले, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. दिल्लीचे कश्मीरी गेट, कोलकात्याचा मल्लिकबाजार, चेन्नईचे पुदुपेट, बंगळुरूचा जे. सी. रोड या बाजारांत काय मिळत नाही? पण नव्या खोक्यातील जुना मालही तेथे ओळखता आला पाहिजे. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून रीतसर बिल घेऊनच संच आणावा, अथवा तो आणण्याची आणि त्याच्या हमीची जबाबदारी गॅरेजवर लेखी सोपवावी. अर्धी जबाबदारी आपली आणि अर्धी त्यांची, असे झाले की पुढे तक्रार कोणाकडे करावी हे कळत नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर अर्धा तास तेथे उभे राहण्याची परवानगी मागावी. चांगला मेस्त्री ती आनंदाने देतो. किंबहुना, कोणी विचारणारा भेटला म्हणून तो सुखावतो.

आणि जुनी प्लेट हातात घेऊन पाहावी. अस्तर सगळीकडे सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल, तर तिने आपली नोकरी पूर्ण केली. प्रेशर प्लेटवर निळसर डाग दिसले, तर ते अतिउष्णतेचे, म्हणजे चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलण्याचे, किंवा पेडलवर सदैव पाय ठेवून बसण्याचे. पण अस्तर जाड असूनही तेलकट लागले, तर दोष प्लेटचा नाही आणि चालकाचाही नाही. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेले ऑइल सील गळते आहे आणि ते तसेच राहिले, तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाईल. ते सील किमतीने किरकोळ असते, पण त्याच्यापर्यंत हात फक्त याच वेळी पोहोचतो. तेव्हा गिअरबॉक्स परत चढवण्यापूर्वी मेस्त्रींना तेवढे विचारून घ्यावे.