नाकारलेला गोल

जागतिक स्पर्धेच्या अखेरच्या फेऱ्यांत आपला संघ उरला नाहीं म्हणजे पुष्कळांचें लक्ष उडतें. आमच्या मतें खरें पाहणें तेथूनच सुरू होतें. पक्षपात गळून पडतो व खेळ दिसूं लागतो.

सन २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली. आपला संघ तिन्ही सामने हरून बाहेर पडला. पुढें २५ ऑक्टोबर रोजीं नवी मुंबईस माली व स्पेन यांचा उपान्त्य सामना झाला. माली दोन गोलांनीं मागें असतां दुकूरे यानें दुरून मारलेला चेंडू आडव्या दांड्यास लागून रेषेपलीकडे पडला. चित्रफितींत तें दिसलें. पंचांनीं मात्र गोल दिला नाहीं. मग स्पेनचा तिसरा गोल झाला. तरीही मालीनें खेळ सोडला नाहीं; ७४ व्या मिनिटास एक गोल केलाच. सामना स्पेननें ३-१ असा जिंकला.

अन्यायाविरुद्ध बोलूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तक्रार करीत मैदानांत थबकणें हा दुसरा पराभव होय. झरी जामणीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांनीं, आणि घरीं निकाल विचारणाऱ्या पालकांनींही, आधीं हें पाहावें : गोल नाकारल्यावर पुढचीं दहा मिनिटें मुलगा कसा खेळला?