दुसऱ्या ऑपरेशनआधी पहिल्याचा कागद

आम्लपित्ताच्या त्रासावर दुर्बिणीचं ऑपरेशन झालेला माणूस काही वर्षांनी पुन्हा छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं सांगू लागला, की निलंग्यात घरच्यांची चर्चा सुरू होते ती दवाखान्याची. लातूर, सोलापूर, की बिदरवरून सरळ हैदराबाद? गाडी ठरते, पैशांची जुळवाजुळव होते. पहिल्या वेळी पोटात नेमकं काय केलं, हे मात्र नवा डॉक्टर विचारतो तेव्हाच आठवतं, आणि पिशवीतून निघतं एक डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि गोळ्यांची यादी. एवढ्या आधारावर पोट पुन्हा उघडायला होकार देऊ नये.

रुडॉल्फ निसेन या सर्जननं १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला आम्ल वर येऊ न देणारं हे ऑपरेशन प्रथम केलं. दुर्बिणीतून ते १९९१ पासून होऊ लागलं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे आम्ल वर चढत नाही. कोणी पूर्ण वेढा घालतो, कोणी पाऊण. पुढे हा वेढा सैल होतो, खाली घसरतो, किंवा छाती आणि पोटामधल्या पडद्याचं भोक पुन्हा रुंदावून छातीत सरकतो. कधी तो मुळातच जास्त घट्ट बसलेला असतो आणि घास अडकतो. कधी वेढा जागच्या जागी शाबूत असतो, जळजळीचं कारण वेगळंच असतं. या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. म्हणून पहिला वेढा कसा घातला, भोक कसं शिवलं, जाळी बसवली का, हे सांगणारी ऑपरेशन नोट दुसऱ्या सर्जनच्या हाती हवीच. दुसऱ्या वेळी आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात. ते सोडवताना जठराला किंवा अन्ननलिकेला भोक पडण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, आणि गुण येण्याची खात्री कमी.

स्वीडनमध्ये असं ऑपरेशन झालेल्या २,६५५ रुग्णांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४७० जणांचा त्रास परतला. दुसरं ऑपरेशन झालं फक्त ७७ जणांचं. बहुतेकांनी दीर्घकाळ आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर भागवलं. आपल्याकडे मात्र गोळी पुन्हा सुरू करणं म्हणजे ऑपरेशन वाया गेलं, पैसे बुडाले, असं घरात धरलं जातं आणि त्या चिडीतून दुसऱ्या ऑपरेशनची घाई होते. रोजची एक स्वस्त गोळी घेऊन माणूस नीट जेवत-झोपत असेल, तर तो निर्णय कमी दर्जाचा नाही.

गोळीही नीट घ्यावी लागते. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. अनेकजण निलंगा राईसची तिखट प्लेट संपवून जळजळ सुरू झाली की घेतात. अमेरिकेत गोळ्यांना दाद न देणाऱ्या ३६६ रुग्णांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यांच्यावर हे ऑपरेशन पूर्वी झालेलं नव्हतं, तरी बोध इथंही लागू आहे. ४२ जणांना गोळी काटेकोर वेळेवर दिल्यावरच बरं वाटलं. ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. इतरही काही जण गळाल्यावर उरलेल्या, खऱ्या अर्थानं पात्र ७८ जणांमध्ये मात्र ऑपरेशन गोळ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं. निवड बरोबर असेल तर ऑपरेशन मोठं काम करतं, दुसऱ्यांदाही.

ही निवड करायची तर एंडोस्कोपी, बेरियम पिऊन काढलेला एक्स-रे, चोवीस तास आम्ल मोजणारी पीएच तपासणी आणि अन्ननलिकेचा जोर मोजणारी मॅनोमेट्री लागते. हैदराबाद-पुण्याला जायचं तर आधी यासाठी जावं. ऑपरेशनची तारीख घेण्याचं नंतर पाहता येईल. अपवाद एवढाच : घास अडकत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त येत असेल किंवा काळी शी होत असेल, किंवा पोटात अचानक असह्य कळ येऊन नुसते कोरडे उमासे येत असतील, तर थांबू नये. आणि छातीतली कळ पित्ताचीच म्हणून अंगावर काढण्याआधी ईसीजी काढावा.

राहिला प्रश्न ऑपरेशन नोटचा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरनं ३ वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. वेढा सुटतो तो कधी पाचव्या, कधी आठव्या वर्षी. तोवर कागद जपण्याची सक्ती संपलेली असते. ऑपरेशन नोटची झेरॉक्स डिस्चार्ज कार्डाला जोडून देण्यास रुग्णालयाला दोन-चार रुपये लागतात. ती रुग्णानं न मागता, घरी सोडतानाच दिली गेली पाहिजे.