पालापाचोळा पेटवू नका

हिवाळा सरला की पिंपळ, बदाम, कडुनिंबाची पाने गळू लागतात. वस्तीत ती झाडून पेटवली जातात. धूर घराघरांत शिरतो आणि दम्याच्या माणसाला रात्रभर झोप नसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला. पण केवळ दंडाच्या भीतीने नव्हे, आपल्या फायद्यासाठी हे थांबवा, असे आम्ही सांगतो.

जुन्या पोत्याला भोके पाडा. पाने चुरून भरा, मूठभर माती टाका, पाणी शिंपडा आणि तोंड बांधून सावलीत ठेवा. आतली पाने ओलसर राहावीत, पाणी मात्र साचू नये. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, तीच पाने कुजवते. सहा महिने ते वर्षभरात काळसर, भुसभुशीत खत होते.

दोन भाग मातीत एक भाग मिसळा. यात नत्र कमी असते, म्हणून थोडे शेणखत घाला. मात्र हे खत ओल धरून ठेवते. जिथे नळाला तासभरच पाणी येते, तिथे कुंडीतली मिरची, तुळस, कढीपत्ता यावर तग धरतो. तेव्हा येत्या पानगळीत काडेपेटी नको, पोते हाती घ्या.