नुसते ‘कष्टाळू’ म्हणून कसे भागेल?

आमच्या भागात घरातला म्हातारा शेतकरी गेला की दशक्रियेला दोन-चार मंडळी बोलायला उभी राहतात. भाषणे साधारण एकाच साच्यातली. "कष्टाळू माणूस होता, काबाडकष्ट करून लेकरांना मार्गी लावले, भावपूर्ण श्रद्धांजली..." आमच्या दादांच्या (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला बाई) वेळीही तेच झाले. बोलणाऱ्यांचा भाव खरा होता, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण तो ‘कष्टाळू’ शब्द मला तेव्हापासून टोचतो आहे.

कष्ट तर दादांच्या बैलांनीही केले! फरक एवढाच की काय पेरायचे, कधी पेरायचे आणि कशावर पाणी सोडायचे हे बैलाला ठरवावे लागत नाही. शेतकऱ्याला ते जन्मभर ठरवावे लागते आणि एक निर्णय चुकला तर घराचे वर्ष जाते.

मृगाचा पहिला पाऊस पडला की गावात तिफणी निघायच्या. दादा मात्र रानात जाऊन ढेकूळ उकरायचे, हात आत घालून वीतभर ओल आहे का ते बघायचे आणि नसेल तर घरी येऊन शांत बसायचे. लोक हसायचे. आता ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. दादा शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत गेलेले. मिलिमीटर त्यांना माहीत नव्हते, वीत माहीत होती.

बिडकीन पैठणच्या रस्त्यावर असल्यामुळे बाहेरच्या लोकांना वाटते की आम्हाला जायकवाडीचे पाणी असणार. धरणाचे भूमिपूजन १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केले. पण कालवे पैठणपासून खाली, जालना-परभणीकडे आणि बीडकडे गेले. आम्ही वरच्या अंगाला. आमच्या बाजूने गेली ती शहराच्या पाण्याची पाइपलाइन. फारोळ्याला ते पाणी शुद्ध होते आणि पुढे संभाजीनगरला जाते. रस्त्याकडेने पाणी वाहते आणि आपली विहीर मात्र मार्चमध्ये तळ दाखवते, हे दादांनी जन्मभर पाहिले. कुणाला शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत. (मी असते तर दिल्या असत्या.)

१९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. दादा आणि बाई दोघेही खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो. भाषणांत त्या खडीचाच उल्लेख होतो. मला आठवते ती त्याआधीची गोष्ट. पाऊस लांबला तेव्हाच दादांनी दोन बैलजोड्यांपैकी एक विकून टाकली. अजून भाव पडले नव्हते. त्या पैशांचा कडबा घेतला आणि दुसरी जोडी जगवली. मागाहून लोकांना मिळेल त्या किमतीला गुरे काढावी लागली. १९७३ साली पाऊस चांगला झाला आणि पेरायला आमच्याकडे बैल होते. याला कष्ट म्हणायचे का?

२०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा दादा ऐंशीचे होते. आमची तीनशे झाडे. त्यांनी दोनशेवर कुऱ्हाड चालवायला लावली आणि टँकरचे पाणी उरलेल्या शंभरांना दिले. हाताने लावलेली झाडे! भाऊ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ती शंभर जगली.

आता न आवडणारे. कर्तेपणाचे श्रेय द्यायचे तर हिशेबही मांडावा लागतो. ‘कष्टाळू’ म्हटले की तो प्रश्नच मिटतो, म्हणून तर तो शब्द सगळ्यांना सोयीचा पडतो. बाई दादांच्या बरोबरीने राबली. बियाण्याची कणसे तीच निवडायची, त्यात दादा बोट घालत नसत. पण तिला कुणी कर्ती म्हटले नाही आणि सातबाऱ्यावर तिचे नाव कधी आले नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची. दादांपर्यंत ती पोहोचली होती. "बघू," म्हणाले. बघणे राहून गेले. विचार न करता काही करणारा हा माणूस नव्हता, त्यामुळे तोही निर्णयच होता असे मी धरते, आणि तो मला मान्य नाही.

पुढे औद्योगिक वसाहतीत आमचीही काही जमीन गेली. एकरी २३ लाखांचा दर ठरला होता. पैसे आल्यावर घरोघरी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेणे सुरू झाले. दादांनी आम्हा दोघी बहिणींना बोलावले आणि भावांइतकाच वाटा समोर ठेवला. कायद्याने तो आमचा होताच, पण कायदा काय सांगतो आणि घर काय सांगते यात किती अंतर असते ते वाचणाऱ्या भगिनींना सांगायला नको. भाऊ नाराज झाले, अजून थोडे आहेत. हे वाचून आणखी होतील. असो. बाई मात्र तोवर गेली होती.

त्या वसाहतीचे, ७,८५५ एकरांचे, सप्टेंबर २०२४ मध्ये लोकार्पण झाले. आमच्या पट्टीची खूण आता सापडत नाही.

पुढच्या महिन्यात दादांचे वर्षश्राद्ध. भाऊ पत्रक छापणार आहेत, मजकूर मला मागितला. मी बैलजोडी लिहिली, मोसंबी लिहिली, बाईची कणसे आणि ते "बघू"सुद्धा लिहिले. धाकटा म्हणतो, पत्रकात एवढी जागा नाही, फोटो मोठा टाकायचा आहे.