‘सोपी परीक्षा कोणती?’ हा प्रश्नच चुकीचा

रांजणगाव एमआयडीसीतला डिप्लोमाधारक असो, कुरकुंभच्या रसायन कारखान्यातला अभियंता असो, की पुण्यातल्या रुग्णालयातली ड्युटी संपवून गाडीने दौंडला परतणारी परिचारिका असो. कामाच्या कौशल्यावर परदेशी स्थायिक व्हायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आयईएलटीएस देऊ की पीटीई? सोपी कोणती?’ उत्तर देणारेही भरपूर. क्लासचा फ्लेक्स, व्हॉट्सॲपचा ग्रुप, आधी गेलेला मावसभाऊ. पण या तिघांपैकी व्हिसा देणारा एकही नाही.

चुकीच्या निवडीची किंमत मोठी आहे. आयईएलटीएसचे शुल्कच १६ हजार रुपयांच्या पुढे आहे. परीक्षेसाठी शिरूर किंवा दौंडहून पुणे गाठायचे, एक खाडा सोसायचा आणि क्लासची फी वेगळी. हा पैसा अनेक घरांत उसाच्या बिलातून किंवा पतसंस्थेच्या कर्जातून येतो. म्हणून प्रश्नच बदलायला हवा. ‘सोपी कोणती’ नव्हे, तर ‘मागणारा कोण आणि तो काय मागतो’.

नाव एक, प्रकार अनेक

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी इंग्रजीच्या तीन परीक्षा चालतात : आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि ३० जानेवारी २०२४ पासून पीटीई कोअर. आयईएलटीएस ॲकॅडमिक किंवा पीटीई ॲकॅडमिक दिली, तर गुण कितीही चांगले असले तरी तिथे उपयोग शून्य. ऑस्ट्रेलियाच्या कुशल व्हिसासाठी उलट चित्र आहे. तिथे आयईएलटीएसचे दोन्ही प्रकार चालतात आणि पीटीई मात्र ॲकॅडमिकच लागते. ब्रिटनला साधी आयईएलटीएस चालत नाही, ‘यूकेव्हीआय’ची आयईएलटीएस लागते. डुओलिंगो घरबसल्या देता येते, स्वस्तही आहे, पण या तिन्ही देशांच्या कुशल व्हिसासाठी ती चालत नाही.

पात्रता वेगळी, निवड वेगळी

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत आयईएलटीएसच्या चारही भागांत ६ बँड असले की पात्रता मिळते. पण निवड गुणवत्ता यादीतून होते. गुणांत मोठी उडी हवी असेल, तर ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणे या तिन्हींत ७ लागतात. फिटर, वेल्डरसारख्या कारागिरांच्या योजनेत इंग्रजीची अट बरीच खाली आहे. पण तिथे कॅनडातली नोकरीची ऑफर किंवा तिथले कारागिरीचे प्रमाणपत्र हातात असावे लागते. ‘कमी बँडमध्ये कॅनडा’ अशी जाहिरात पहिले वाक्य मोठ्या अक्षरात छापते आणि दुसरे गाळते.

ऑस्ट्रेलियात चारही भागांत ६ बँडला भाषेचे शून्य गुण, ७ ला १० आणि ८ ला २० गुण मिळतात. किमान ६५ गुणांच्या शर्यतीत हे २० गुण निर्णायक ठरू शकतात. ब्रिटनने कुशल कामगार व्हिसासाठी ८ जानेवारी २०२६ पासून पातळी बी१ वरून बी२ वर नेली. म्हणजे आयईएलटीएस यूकेव्हीआयमध्ये प्रत्येक भागात ५.५. मात्र पदवीचे शिक्षण इंग्रजीतून झाले असेल आणि ‘एक्टिस’ या संस्थेने तसा दाखला दिला, तर परीक्षाच टळू शकते. क्लासला पैसे भरण्याआधी अभियंत्यांनी हे तपासलेच पाहिजे.

‘पीटीई सोपी’ हे आता जुने झाले

ऑस्ट्रेलियासाठी सात बँडच्या बरोबरीला पीटीईत पूर्वी चारही भागांत ६५ गुण पुरत. ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या परीक्षांना नवा हिशोब लागू झाला : ऐकण्यात ५८, वाचनात ५९, लेखनात ६९ आणि बोलण्यात ७६. आयईएलटीएसची अट मात्र तीच राहिली. म्हणजे वाचून-ऐकून समजणाऱ्याला पीटीई थोडी हलकी झाली आणि बोलताना अडखळणाऱ्याला चांगलीच जड. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या अनेक मुलांची गाडी नेमकी बोलण्यात अडते. जुने व्हिडिओ पाहून निर्णय घेणाऱ्यांना याचा फटका बसणार.

परिचारिकांनी आधी नोंदणी पाहावी

परिचारिकेला इमिग्रेशन खात्याआधी त्या देशाच्या नर्सिंग कौन्सिलचे समाधान करावे लागते. ब्रिटनच्या कौन्सिलला आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये लेखनात ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ७ हवेत, किंवा ओईटीमध्ये लेखनात सी प्लस आणि बाकी बी. ओईटीचे शुल्क जास्त आहे, पण तिच्यातला संवाद रुग्णाशी असतो आणि पत्र रुग्णाच्या केसचे. वॉर्डात रोज हेच करणारीला ती जवळची वाटू शकते. शिवाय कौन्सिलने मान्य केलेली परीक्षा झाली असेल, तर ब्रिटनच्या व्हिसासाठी पुन्हा इंग्रजी सिद्ध करावे लागत नाही. जर्मनीचा विचार असेल तर ही सारी चर्चाच गैरलागू. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पण तिथे परिचारिकेला जर्मनच शिकावे लागते.

मग निवड कशी करावी?

आधी देश, मग व्हिसा, मग नोंदणी संस्था, मग लागणारे गुण. हे सारे त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरून कागदावर उतरवावे. त्यानंतरही दोन परीक्षा उरल्या, तरच स्वभाव पाहावा. आयईएलटीएसमध्ये समोर परीक्षक बसून गप्पांसारखे बोलतो. पीटीईत हेडफोन लावून यंत्राशी बोलायचे आणि शेजारी दुसरेही बोलत असतात. की-बोर्डवर हात बसलेला नसेल, तर महिनाभर टायपिंग करणे हीच खरी तयारी. दोन्हींची एकेक सराव परीक्षा घरी वेळ लावून द्यावी. कौल आपोआप मिळतो.

मुदतही मोजावी. कॅनडासाठी निकाल दोन वर्षे चालतो, ऑस्ट्रेलियाच्या कुशल व्हिसासाठी तीन. आयईएलटीएसमध्ये एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे. ती ऑस्ट्रेलियाला मान्य, कॅनडाला नाही. आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच भरावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि लग्नानंतर नाव वेगळे, हा घोळ परीक्षेआधीच मिटवावा.

यात क्लासवाल्यांना दोष देऊन भागणार नाही. ते परीक्षा शिकवतात आणि परीक्षाच विकणार. तालुक्यातली अभियांत्रिकी, नर्सिंग महाविद्यालये आणि आयटीआय यांनी शेवटच्या वर्षी एक दुपार या माहितीसाठी द्यावी. एक तक्ता, एक इंटरनेट जोडणी आणि माहीतगार शिक्षक एवढ्यावर ते होते. त्याला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही, आणि एखाद्या घराचे दोन-तीन महिन्यांचे उत्पन्न त्यातून वाचू शकते.