पुण्याची दुपार पिवळी नसते

आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत एक चांगला पायंडा पडला आहे. इथे जन्मलेली, इथेच वाढलेली मुलं लघुपट करू लागली आहेत आणि त्यातले बरेच लघुपट आजी-आजोबांच्या महाराष्ट्राबद्दल असतात. कॅमेरा उत्तम असतो, आवाज स्वच्छ असतो, मराठी थोडी अडखळती पण मनापासूनची असते. मात्र घर साताऱ्याकडचं असो की कोकणातलं, महिना वैशाख असो की श्रावण, पडद्यावरचं ऊन एकाच रंगाचं असतं. हळदीच्या. माझं मत स्पष्टच सांगतो : हे ऊन महाराष्ट्रातलं नाही. परदेशी चित्रपटांनी सगळ्या उष्ण देशांना सरसकट वाटून टाकलेलं ते ऊन आहे. आपल्या मुलांनी ते आपल्याच घरावर ओतू नये.

हा पिवळेपणा आला कुठून, ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. २००० सालच्या 'ट्रॅफिक' या अमेरिकन चित्रपटात मेक्सिकोतली दृश्यं पिवळी आणि अमेरिकेतली काही दृश्यं निळसर होती. गुंतलेली कथानकं प्रेक्षकाला वेगळी ओळखता यावीत, यासाठी ती सोय होती. पुढे सोयीचा रिवाज झाला. २०२० साली आलेल्या 'एक्स्ट्रॅक्शन'मधलं ढाका शहरही असंच पिवळं दिसलं आणि त्यावर टीकाही बरीच झाली. आपली मुलं हेच बघत मोठी झाली. भारत म्हटला की त्यांचा हात आपोआप पिवळ्या फिल्टरकडे जातो.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, सिनेमा नाही. पण सेटवर ऊन पाडणं हा निम्मा भौतिकशास्त्राचाच प्रश्न असल्यामुळे चार शब्द बोलायचा अधिकार घेतो. दिवे भाड्याने घेताना पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : वॅट किती आणि केल्विन किती? केल्विनचं उत्तर आता फार सोपं झालं आहे. दिवसाच्या उजेडासाठी ५६००, जुन्या टंगस्टन दिव्याच्या उजेडासाठी ३२००. चांगल्या एलईडी दिव्यावर बटण फिरवलं की काम झालं. ऊन ओळखू येतं ते मात्र आणखी तीन गोष्टींवरून : सावलीची कड, दिव्याचं अंतर आणि सूर्याची उंची. यांतली एकही गोष्ट बटण फिरवून मिळत नाही.

आधी कड. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, कारण त्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. जपमाळेचे मणी आठवा, म्हणजे आकडा विसरणार नाही. दिव्यालाही हाच हिशेब लागू होतो. ३० सेंटिमीटर रुंदीच्या भिंगाचा दिवा सूर्याएवढा लहान दिसायला हवा असेल, तर तो बत्तीस मीटर दूर न्यावा लागेल. १० सेंटिमीटरच्या दिव्याला अकरा मीटर पुरतात. मोठं एलईडी पॅनेल खिडकीला चिकटवून उभं केलं तर ढगाळ दिवस मिळेल, ऊन मिळणार नाही.

याची एक परीक्षा आपल्या कौलारू घरांनी कधीच घेऊन ठेवली आहे. कौलातली फट वेडीवाकडी असते, तरी जमिनीवरचा कवडसा गोल पडतो, कारण कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. चौकोनी पॅनेलचा उजेड बारीक फटींतून सोडला तर कवडसेही चौकोनी दिसू लागतात. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी बिनसलंय हे त्याच्या डोळ्यांना लगेच कळतं.

दुसरी गोष्ट अंतर. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिवा नटापासून दोन मीटरवर असेल आणि नट आणखी दोन मीटर मागे सरकला, तर त्याच्यावरचा उजेड एक चतुर्थांश उरतो. तोच दिवा दहा मीटरवर असेल आणि नट तेवढाच मागे सरकला, तर सत्तर टक्के शिल्लक राहतो. खऱ्या उन्हात माणूस अंगणभर फिरला तरी काहीच फरक पडत नाही. म्हणून उन्हासाठी दिवा जितका लांब नेता येईल तितका न्यावा. पण लांब नेला की ताकदवान दिवा लागतो. १९१७ साली म्युनिकमध्ये सुरू झालेली 'आरी' ही कंपनी १८ किलोवॅटपर्यंतचे दिवे बनवते. आपल्या सभागृहातल्या साध्या प्लगवर मात्र साडेतीन किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही. जनरेटर कोण आणणार? त्यापेक्षा एक लहान, कडक झोताचा दिवा घ्यावा, तो आवारापलीकडे ठेवलेल्या मोठ्या सपाट आरशावर सोडावा आणि आरशातून खिडकीत आणावा. दिव्यापासून आरशापर्यंत आणि आरशापासून खिडकीपर्यंत, ही दोन्ही अंतरं हिशेबात धरली जातात. अर्ध्या जागेत दुप्पट अंतर पदरात पडतं.

तिसरी गोष्ट उंची, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी म्युनिकचा सूर्य क्षितिजावर साडेअठरा अंश चढतो. त्याच दिवशी पुण्याचा सूर्य ४८ अंशांवर असतो. एक मीटरची काठी उभी केली तर पुण्यात तिची सावली नव्वद सेंटिमीटर पडेल, म्युनिकमध्ये तीन मीटर. पुण्यातली ती हिवाळी दुपार म्युनिकमध्ये बाहेर चित्रित करायची असेल, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची वाट पाहावी लागेल. आणि मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी काठीची सावलीच नाहीशी होते. ते दृश्य जर्मनीत कोणत्याच दिवशी मिळत नाही.

आता गंमत पाहा. तिरपं, सोनेरी, लांब सावल्यांचं ऊन हे मुळात इथलं आहे. हिवाळ्यात सूर्य दिसलाच, तर ते इथे दिवसभर टिकतं. आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, त्यामुळे उन्हं कलली म्हणेपर्यंत दिवेलागण होते. म्हणजे आजीच्या घरावर सोनेरी ऊन पाडताना आपली मुलं नकळत बव्हेरियाचा डिसेंबर साताऱ्याला नेतात. तिथली दुपार पांढरी असते. सावली आखूड आणि गडद असते, आणि तिच्यात आकाशाचा किंचित निळसर उजेड असतो. सगळ्या चित्रावर पिवळा रंग चढवला की हा निळसरपणा पहिला मरतो, आणि त्याच्याबरोबर ऊनही मरतं.

घराच्या आत तर निराळाच प्रकार असतो. खाली उतरत्या छपराच्या ओसरीत दुपारचं ऊन शिरतच नाही. ते अंगणात पडतं आणि मातीवरून उलटून आत येतं. ओसरीवर बसलेल्या माणसाचा चेहरा खालून उजळतो, मातीचा तांबूसपणा घेऊन. इथे हवा असलेला थोडासा उबदार रंग आपल्याला मिळतो, पण तो मातीचा असतो, सूर्याचा नाही. त्यासाठी पिवळा फिल्टर नको. दाराबाहेर जमिनीवर मातकट रंगाची चादर पसरा आणि दिवा तिच्यावर मारा. सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (१९५६) कलकत्त्याच्या स्टुडिओत बनारसच्या घराचं अंगण उजळताना हीच दिशा धरली होती. वर कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि खाली आकाशाचा मऊ उजेड उतरवला. त्यांनी आधी विचार केला तो खऱ्या अंगणात उजेड कुठून येतो याचा.

या प्रश्नाचं म्युनिकशी जुनं नातं आहे. १९२५ मध्ये इथल्या एमेल्का कंपनीचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग हिमांशू राय यांच्याबरोबर 'प्रेम संन्यास' करायला भारतात गेले. हा चित्रपट स्टुडिओतल्या सेटशिवाय आणि कृत्रिम दिव्यांशिवाय चित्रित केला आहे, असं त्याच्या सुरुवातीलाच अभिमानाने सांगितलं आहे. पुढे १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा हेच दोघे तिथे होते. 'अछूत कन्या' (१९३६) त्यांच्याच हातची. महायुद्धात ब्रिटिशांनी विर्शिंग यांना स्थानबद्ध केलं, तरी सुटल्यावर ते भारतातच राहिले. 'महल' (१९४९) त्यांनी चित्रित केला आणि 'पाकिजा'वरही काम केलं. म्युनिकच्या या माणसाने आपल्याकडचं खरं ऊन आधी पाहिलं आणि मग मालाडच्या बंद स्टुडिओत दिवे लावले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. सिनेमा म्हणजे पंचांग नव्हे. तो आठवण दाखवतो आणि आठवण सोनेरी असली तर बिघडलं कुठे? मान्य. ठरवून, समजून केलेलं सोनेरी ऊन मला चालेल. पण आठवण कोणाची, हेही विचारायला हवं. आजीला तिच्या माहेरच्या दुपारीबद्दल विचारा. ती टळटळीत ऊन म्हणेल. न्हाणीघरात येणारी तिरीप सांगेल, वाळवणावर सरकत जाणारी सावली सांगेल, श्रावणातला ऊन-पाऊस सांगेल. तिच्या भाषेत उन्हाला इतकी नावं आहेत आणि त्यातलं प्रत्येक नाव म्हणजे दिव्याची एक निराळी जागा आहे. सगळ्यांवर एकच रंग फासला तर तिची आठवण पुसली जाते आणि कुठल्यातरी पर्यटन-पत्रिकेची उरते.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. दिव्यांवर खर्च करण्याआधी एक 'उन्हाची वही' सुरू करावी. नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत जे गावी जातील त्यांनी मीटरभर काठी उभी करून तासातासाला सावली मोजावी. एक पांढरा कागद उन्हात आणि एक सावलीत ठेवून फोटो काढावा. किती वाजता ऊन कोणत्या पायरीवर येतं, देवघरात कधी पोचतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवावं. पोरांनी मोजावं, आजोबांनी सांगावं, आणि मराठी लिहायला जमत नसेल त्यांनी जर्मनमध्ये लिहावं.

घाई एवढ्यासाठी, की आपल्यापैकी अनेकांची ती घरं आता विकली गेली आहेत किंवा पाडायला निघाली आहेत. इमारतीचे फोटो सगळ्यांकडे आहेत. तिच्यात ऊन कसं यायचं, हे मात्र फार थोड्या लोकांच्या डोक्यात आहे आणि ते लोक माझ्याच वयाचे आहेत. उद्या एखाद्या नातीने श्टुटगार्टच्या सभागृहात तो वाडा पुन्हा उभा केला, तर भिंती तिला पुठ्ठ्याच्या करता येतील. ऊन कुठून आणायचं, ते तिला आजच सांगून ठेवायला हवं.